शैलाने भरलेल्या खुर्च्या

शैला गेल्याचा फोन तिच्या थोरल्या भावाने, आप्पांनी केला. सांगलीला माझ्या घरी मी गॅसवर दूध ठेवलं होतं. "झोपेतच गेली, ताई," एवढं बोलून फौजेत उभं आयुष्य काढलेला तो माणूस हुंदके द्यायला लागला. दूध उतू गेलं... मला आधी रागच आला. माझ्यापेक्षा लहान, आणि न सांगता निघाली!

साताऱ्याला कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. पुढे ती शिल्पकार झाली, मोठ्या शहरांत तिची प्रदर्शनं लागली, पण पुतळा म्हणावा असा तिने एकही घडवला नाही. लोणंदजवळच्या गावी, मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती जुन्या खुर्च्या, खाटा, पाळणे आणून ठेवायची. वर्षानुवर्षं बसून-निजून त्यांना जो खोलगटपणा आलेला असतो, त्यात प्लास्टर भरायची. "माणूस उठून गेला तरी त्याचा भार उठत नाही गं," म्हणायची. आपल्याकडे माणूस गेलं की तेराव्यापर्यंत त्याचं अंथरूण, खाट कुणाला तरी देऊन टाकतात. शैला नेमकी तेव्हाच दारात हजर, खाट मागायला. लोक तिला टरकून असत. कुणाच्या घरी आजारी माणूस असलं की साधं भेटायला जायचीही तिला चोरी होती.

माझे यजमान गेले तेव्हा ती माझ्याही दारात आली. हळदीच्या पेढीवरून आले की हे वेताच्या खुर्चीत बसायचे; खुर्चीच्या हातांना कायमचा पिवळा रंग चढला होता. दीर म्हणाले, देऊन टाका. मला ती डोळ्यांसमोर नको होती आणि दुसऱ्या कुणाची होऊ द्यायचीही नव्हती. शैलाने ती टेम्पोत चढवली. मग अधूनमधून मी तिच्या शेडवर जायला लागले. ती तिचं काम करायची, मी त्या खुर्चीशेजारी चटई टाकून बसायची. घरी जे रडू येत नव्हतं, ते तिथे यायचं. ती चहा आणून ठेवायची, बस्स. असं माणूस परत कुठून आणायचं?

अंत्यविधी आटोपून मी सांगलीला परतले होते. महिनाभराने पुन्हा गेले, ते खरं तर ह्यांच्या खुर्चीसाठी. आप्पांनी शेड उघडली. आत काही नव्हतं. फरशीवर नुसते पांढरे डाग.

"आप्पा, खुर्च्या कुठायत?"

"दिल्या की तेराव्याला! आवं ताई, मेल्या मानसाचं असलं घरात ठिवत्यात व्हय? ज्याला पायजे त्यानं न्हेलं. वरचा चुना तेवढा काढून टाका म्हनलं, मग बसाय लय झ्याक."

मला हसू आलं की रडू, सांगता यायचं नाही. ज्या रिवाजाच्या हातून तिने एकेक खुर्ची सोडवून आणली होती, त्यानेच सगळ्या परत नेल्या. आप्पांचा तरी काय दोष? त्यांनी बहिणीचं सगळं रीतसर केलं होतं.

माझी खुर्ची वेशीजवळच्या एका घरात सापडली. ओसरीवर एक म्हातारबा तीत ऊन खात बसले होते. डावीकडे कललेले, अगदी हे बसायचे तसे... खुर्चीच तशी बसवत होती त्यांना. मी न्यायलाच आले होते.

"तुमची हाय व्हय? न्या की," म्हणत ते उठायला लागले.

"नको, बसा तुम्ही. वरचं पांढरं काय केलंत?"

ते वैरणीवरची ताडपत्री उडू नये म्हणून वर ठेवलं होतं. तेवढंच मागून घेतलं आणि एसटीत पायांशी ठेवून घरी आणलं. ओल्या फडक्याने पुसलं. खालच्या अंगाला वेताची वीण आणि ह्यांच्या बसण्याचा फुगीर आकार. वरची बाजू शेडमध्ये नेहमी कापडाने झाकलेली असे. ती पहिल्यांदाच पाहिली. तिथे शैलाचा हात होता, ओलं प्लास्टर दाबताना उमटलेला. तळवा, पाचही बोटं.

आता मी ते पलंगाच्या रिकाम्या बाजूला ठेवलं आहे. दुपारी आडवी झाले की त्या हातात हात देऊन पाहते. तिची बोटं लांब होती. माझी मध्येच संपतात, पुढे नुसता गारवा लागतो.