रुमालाखालची बोटं

बहात्तर साली आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम एकही मॅच हरली नाही. मी त्या टीमचा गोलकीपर होतो, आणि त्यातल्या एकाही विजयावर माझा विश्वास बसला नव्हता.

संशय हा आमच्या घरचा धंदाच होता म्हणा ना. वडील नगरला वजनमापे खात्यात कारकून. पोकळ केलेली वजनं, पारड्याच्या तळाला चिकटवलेली चिंच, असल्या गोष्टींशी त्यांची दिवसभर गाठ. घरी आणलेली मूगडाळसुद्धा ते पुन्हा आमच्या काट्यावर तोलत. लबाड दुकानदार पहिले चार वेळा बरोबर तोलतो आणि पाचव्यांदा मारतो, असं ते जेवताना सांगत. हे ऐकतच मी मोठा झालो. त्यामुळे कुणी लागोपाठ चार वेळा नीट वागलं की मला धास्ती वाटायला लागायची.

आमचा कॅप्टन घोडेगावचा. ठेंगणा, भरल्या मांड्यांचा, बोलायला कंजूष. त्याचे वडील तिथल्या गुरांच्या बाजारात दलाल होते आणि तो लहानपणापासून त्यांच्यामागे बाजारात हिंडलेला होता. त्याच्या खांद्यावर कायम एक मोठा लाल चौकड्यांचा रुमाल असायचा. कॉलेजच्या वर्गातही तो रुमाल असायचा, आणि इंग्रजीचे प्राध्यापक त्यावरून त्याला टोमणे मारायचे.

गुरांचा बाजार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिथे बैलाची किंमत तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल हात हातात घेतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही कळत नाही की सौदा कितीला ठरला. चेहरे दोघांचेही कोरडे ठणठणीत.

कॉलेजांच्या स्पर्धेतल्या पहिल्या मॅचच्या आधी आम्ही बूट बांधत बसलो होतो. कॅप्टन एकेकाजवळ गेला. त्याचा हात हातात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा, क्षणभर थांबायचं, मान हलवायची, की पुढच्याकडे. मग हळू आवाजात, तू मागं खेळ, तू पळू नकोस, तुला हाफ टाइमनंतर बसवतो, असं ज्याला त्याला सांगितलं. टीममध्ये आठ पोरं खेड्यांवरची होती आणि आम्ही तिघे नगर शहरातले. आम्हा तिघांजवळ तो आलाच नाही. माझ्यासमोरून गेला तेव्हा म्हणाला, "तू हायेस तिथंच ऱ्हा." गोलकीपरला दुसरीकडे कुठे जायचं असतं?

आम्ही ती मॅच दोन गोलांनी जिंकली. सगळे नाचत होते. मी मात्र त्या रुमालाकडे बघत होतो.

नंतर प्रत्येक मॅचला तेच. मग मी बारकाईने पाहायला लागलो, आणि पाहायला लागलं की दिसतंच. डाव्या कडेने खेळणारा आमचा लेफ्ट आउट म्हणजे वारा होता. पाथर्डीकडच्या एका खेड्यातला, काटकुळा, पण पळायला लागला की समोरचा बॅक नुसता वळून बघत राहायचा. असा हा पोरगा एका मॅचला निम्मा वेळ रेषेजवळ हात कमरेवर ठेवून उभा राहिला. कॅप्टननेच त्याला तसं सांगितलेलं मी ऐकलं होतं. भिंगारच्या लष्करातल्या पोरांशी सरावाची मॅच होती, तेव्हा तर दोघं-तिघं असे खेळले की जणू पायाला दगड बांधलेत. हुकमाचं पान असं हातात धरून ठेवायचं कारण काय? मला एकच कारण दिसत होतं. कुणीतरी मॅच विकत घेत होतं.

आता तुम्ही म्हणाल, विकली असती तर जिंकलो कसे असतो? हा प्रश्न मलाही पडला होता, आणि त्याचं उत्तर माझ्या घरात तयार होतं. पहिले चार वेळा बरोबर तोलायचं. फायनलला मारायचं.

लेफ्ट आउटला मी एकदा आडून विचारलं की रुमालाखाली काय चालतं. त्याने जमिनीकडे बघत "काय न्हाई, आसंच," म्हटलं आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. बांधलेली नाडी कोण पुन्हा बांधतं? चोराच्या मनात चांदणं, असं मी मनाशी म्हटलं आणि त्याच्यावरही फुली मारली.

त्या साली पाऊस आलाच नव्हता. रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिळायची. तिच्या भाकरीला आमची आई रोज नावं ठेवायची, ती तुटते म्हणायची, रंग बघवत नाही म्हणायची, पण ताटात भाकरी असायची. खेड्यांवरची पोरं शहरात खोल्या घेऊन राहायची आणि त्यांचे डबे घरून एस.टी.ने यायचे. आई पहाटे फडक्यात भाकरी बांधणार, बाप ते गाठोडं कंडक्टरच्या हवाली करणार, पोरगं स्टँडवर येऊन घेऊन जाणार. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे काय, पोस्टाची पेटी कुठे आहे हे जसं माहीत असतं तसं. गाठोडं आलं नाही तर काय होतं, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नाही.

एका संध्याकाळी मी मुद्दाम कॅप्टनच्या मागोमाग सायकलवरून स्टँडवर गेलो. घोडेगावकडून आलेल्या गाडीच्या कंडक्टरने त्याच्या हातात एक जड गाठोडं दिलं. एका माणसाचा डबा एवढा नसतो. तो गाठोडं घेऊन कँटीनच्या मागे गेला. तिथे आमच्या टीममधले चौघे आधीच बसलेले, लेफ्ट आउटही त्यांच्यात. मी कोपऱ्यावरून पुढे झालो तशी कॅप्टनने गाठोड्यावर रुमाल टाकला. "घरचं हाय," तो म्हणाला. मी विचारलेलं नसताना. मी हो म्हणून निघून आलो, आणि येताना माझी खात्री झाली होती.

सेमी फायनलच्या दिवशी त्याने लेफ्ट आउटचा हात रुमालाखाली बराच वेळ धरून ठेवला. नकारार्थी मान हलवली. पोराने बहुधा पुन्हा बोटं दाबली, कॅप्टनने पुन्हा मान हलवली आणि त्याला चक्क टीमबाहेर बसवलं. त्याच्या जागी घेतलेल्या पोराला चेंडू कुठल्या पायाने मारायचा इथपासून शिकवावं लागलं असतं. आम्ही एका गोलाने कसेबसे जिंकलो, आणि तो गोलही त्यांच्याच बॅकच्या गुडघ्याला लागून गेला. मला वाटलं, सौदा पटला नाही म्हणून पोराला बसवला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या क्रीडाशिक्षकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. रुमाल, बोटं, गाठोडं. सांगताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे आज लिहायला लाज वाटते. सर सरळमार्गी होते, शिस्तीचे होते. त्यांनी कॅप्टनला बोलावून माझ्यासमोर विचारलं की रुमालाखाली काय करतोस. तो माझ्याकडे बघत राहिला, पण बोलला नाही. सरांनी त्याचा रुमाल काढून घेतला, कपाटात टाकला आणि बजावलं की फायनल होईपर्यंत ही कुजबुज बंद, स्टँडवरचे घोळके बंद, नाहीतर तुझं नाव टीममधून काढतो. मी त्या गप्प बसण्याचा जो अर्थ काढायचा तो काढला.

फायनलला मैदानाभोवती ही गर्दी. दुष्काळात लोकांना दुसरी करमणूक तरी काय होती. सर आमच्याजवळच उभे होते. कॅप्टन सवयीने लेफ्ट आउटसमोर गेला, त्याचा हात खांद्याकडे गेला आणि तिथे रुमाल नव्हता. तो नुसता त्या पोराच्या तोंडाकडे बघत राहिला. पोरगा म्हणाला, "खेळतो मी."

तो असा खेळला की मी गोलमध्ये उभा राहून बघतच राहिलो. त्या दिवशी त्याला कुणी थांबवलं नाही. संपायला थोडाच वेळ उरला असताना तो मुरमाड मैदानावर धूळ उडवत रेषेवरून पळत गेला, दोघांना चुकवलं आणि गोल मारला. गर्दी ओरडली. तो मात्र गोलकडे तोंड करून उभाच होता, आणि उभ्या जागी खाली बसावं तसा खाली गेला.

मी सगळं मैदान पळत ओलांडून पोचलो तेव्हा सर त्याच्या तोंडावर पाणी मारत होते, ऊन लागलं म्हणत होते. कॅप्टन गुडघ्यावर बसला होता. त्याने पोराचा हात हातात घेतला आणि कानाशी वाकून विचारलं, "किती?" पोराने डोळे न उघडता दुसऱ्या हाताने काहीतरी चाचपलं. तो रुमाल शोधत होता. कॅप्टनने अंगातली जर्सी काढली आणि दोघांच्या हातांवर टाकली. सगळ्या गावासमोर तो उघडाबंब बसला होता. थोड्या वेळाने त्याने जर्सी बाजूला केली. पोराची मूठ मिटलेली होती, एकही बोट उघडलेलं नव्हतं.

सरांनी चढ्या आवाजात विचारलं की हा काय प्रकार आहे, आत्ताच्या आत्ता सांग. सगळ्यांदेखत विचारलं, म्हणून त्याला सगळ्यांदेखत सांगावं लागलं.

"भाकरी, सर. कालपास्नं कुनी किती खाल्ल्या, येवढंच इचारतो मी. कमी आसल त्याला कमी पळवायचं. त्ये तोंडानं कोन सांगंल?"

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आमच्याच घरी भाकरी हाय औंदा, कारन समद्यांचे बैल आमच्या बापाच्या हातनं इकले जात्यात. ती भाकरी ह्यांचीच हाय. ती बी चार दिस बंद क्येली."

पाथर्डीकडून येणारं गाठोडं दिवसाआड झालं होतं, मग बंदच झालं होतं, कारण पोराचे आईबाप दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते आणि गावात भाकरी बांधून द्यायला कुणी उरलं नव्हतं. तो कॅप्टनच्या डब्यावर होता. माझ्या तक्रारीनंतर स्टँडवर जमायची बंदी झाली आणि तो आपण होऊन मागायला गेला नाही.

आम्ही फायनल जिंकलो. कप आला, हार आले, प्राचार्यांचं भाषण झालं. सरांनी स्वतः रुमाल परत दिला आणि लेफ्ट आउटची जेवणाची सोय वसतिगृहाच्या मेसमध्ये लावून दिली. सर चांगलेच होते. पण त्या दिवसापासून कॉलेजात जो तो त्याला विचारायला लागला, "जेवलास का?" शिपाई विचारायचा, प्राध्यापक विचारायचे, ज्या मुली कधी त्याच्याशी बोलल्या नव्हत्या त्याही विचारायच्या. आपल्याकडे यापेक्षा साधा, मायेचा प्रश्न नाही. तो ऐकला की त्याची मान खाली जायची. दिवाळीच्या सुट्टीला गेला तो परत आला नाही. नगरजवळच्या नागापूरला एका वर्कशॉपमध्ये लागला असं कळलं.

कॅप्टनची मी माफी मागितली. तो म्हणाला, "माजं काय न्हाई. त्याला भेट."

भेटायला मला दोन महिने लागले. एवढा धीर गोळा करायला तेवढा वेळ लागतो, निदान मला लागला. एका दुपारी कॅप्टनकडून त्याचा रुमाल मागून घेतला आणि सायकलने नागापूरला गेलो. जेवणाची सुट्टी झाली तसा तो फाटकातून बाहेर आला. हात तेलाने काळे, एका हातात ॲल्युमिनियमचा डबा. मला बघून थबकला. मी काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, त्यातलं एकही वाक्य आठवेना. आणि तोंडात जो प्रश्न येत होता तोच नेमका विचारायचा नव्हता.

मी हात पुढे केला आणि वर रुमाल टाकला. त्याने रुमालाकडे पाहिलं, मग आपल्या काळ्या हाताकडे. मला वाटलं, तसाच निघून जाणार. मग त्याने रुमालाखाली हात घातला आणि माझी बोटं दाबली. एक, दोन, तीन, चार.

डबा त्याच्या दुसऱ्या हातात होता, अगदी माझ्यासमोर. उघडून बघावंसं वाटलं. बघितलं नाही.