माजरीतली टिकटिक

"मीटर घेऊन माजरीला जा आणि शून्य दाखवून ये," विभागप्रमुख म्हणाले.

"सर, शून्य कधीच येत नसतं."

"लोकांना काय कळतंय?"

मी चंद्रपूरला कॅन्सर विभागात मेडिकल फिजिसिस्ट आहे. किरण किती आणि कुठे द्यायचे, याचं गणित मी करते. हनीफभाऊ आमचे पेशंट, माजरीचे बावर्ची. निकाहातली बिर्याणी त्यांचीच आणि हिंदूंच्या लग्नातली वांग्याची भाजीही त्यांचीच. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाऊन खाऊन जिभेच्या कडेला कॅन्सर झाला. सर्जन म्हणाले, जीभ कापावी लागेल.

"मंग मीठ कोन चाखन?" एवढंच हनीफभाऊंनी विचारलं.

गाठ लहान होती, म्हणून आम्ही ब्रॅकीथेरपी केली, म्हणजे आतून रेडिएशन. हनुवटीखालून जिभेत बारीक नळ्या ओवतात. तारेच्या टोकावरचा किरणोत्सारी आयरिडियमचा दाणा मशीन त्या नळ्यांतून आत पाठवतं. दाणा ठरलेल्या जागी थांबतो आणि परत पेटीत जातो. शेवटी नळ्याही काढून टाकतात. तोंडात काहीच उरत नाही. जीभ वाचली, चवही हळूहळू परतली. मला फार आनंद झाला होता.

बिघडलं ते आमच्या दारावरच्या पाटीमुळे. शेजारचा दिवाकर हनीफभाऊंना आपल्या गाडीतून आणायचा. तो कोल वॉशरीत, म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्यात फिटर. तिथल्या एका यंत्राच्या डब्यावर तीन पाकळ्यांचं पिवळं चिन्ह आहे. हे चिन्ह म्हणजे आत किरण सोडणारा सोर्स, लांब राहायचं, हे त्याच्याकडून ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलेलं. आमच्या दारावर नेमकं तेच. त्यानं गल्लीत सांगितलं, "भाऊच्या तोंडात सोर्स बसवला."

मग त्या तोंडानं चाखलेलं कोण जेवणार? लग्नाच्या ऑर्डरी एकेक करून दुसऱ्या बावर्चीकडे गेल्या.

मी गेले. अंगणात गल्ली जमली. हनीफभाऊंच्या तोंडासमोर रेडिएशन मोजायचा सर्व्हे मीटर धरला. टिक. जरा थांबून टिक, टिक.

"ऐकलं? वाजून राह्यलं," दिवाकर म्हणाला.

"हे सगळीकडेच वाजतं. मातीत, दगडात, हवेत थोडं रेडिएशन असतंच." मी मीटर कडुनिंबाजवळ नेला, चुलीजवळ नेला. तीच टिकटिक. मग दिवाकरच्या छातीशी धरला. टिक.

एक म्हातारी बाई मागे सरकली. "बाप्पा, यालेबी लागलं."

दिवाकरच्या बाजूला उभे होते तेही सरकले. त्याचा चेहरा उतरला. मी पुढे बरंच समजावलं, पण ऐकायला कोणी उरलं नव्हतं.

परतल्यावर सरांना सांगितलं.

"आवाजाचं बटण बंद करायचं ना," ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला. त्याहून जास्त राग याचा आला, की बटण बंद केलं असतं तर काम झालं असतं. लोकांना खरं सांगायला गेले आणि एकाऐवजी दोन माणसं वाळीत टाकून आले.

हनीफभाऊ आता वरोऱ्याच्या एका हॉटेलात कांदे चिरतात. तिथेही बातमी पोचली आहे. कढईजवळ त्यांना कोणी उभं करत नाही. परवा तपासणीला आले. मी आणि डॉक्टरांनी जीभ पाहिली. स्वच्छ होती.

"बढिया हाय ना, मॅडम?"

"एकदम."

"तं मंग हिले कामाले लावा कुठी."

मी केसपेपरवर 'गाठ नाही' असं लिहिलं. आमच्या हिशेबात ही केस यशस्वी धरली जाते.