डबा मुरू दिलास का?

माझी सून धातूंचं शिकत होती तेव्हाची ही गोष्ट. धातूंचं म्हणजे मेटलर्जी. हा शब्द तोंडात बसायला मला महिना लागला. आधी मी "मेटल ॲलर्जी" म्हणायचे आणि आमच्या मजल्यावरची शेजारीण काळजीने विचारायची, "पुरळ येतं का हो तिला अंगावर?"

भाईंदरच्या इंद्रलोकला राहायला येऊन आम्हाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मुलाचं लग्न ठरवताना मुलीने एकच अट घातली. "मला पुढे एम.टेक. करायचंय. दोन वर्षं." बुद्धविहारातली चार मोठी माणसं बसली होती, सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी म्हटलं, "दोन का, चार कर." आता एम.टेक. म्हणजे काय हे मला कुठे ठाऊक. पण शिकायचंय म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, एवढं आमच्या घरात आधीपासून ठरलेलं आहे.

माझी स्वतःची शाळा चौथीत सुटली, तिकडे रत्नागिरीला. उरलेलं शिकले ती भाईंदर पूर्वेला, स्टीलची भांडी बनवणाऱ्या गाळ्यात. बावीस वर्षं पॅकिंगला होते. डबा पुसायचा, स्टिकर लावायचा, रद्दीत गुंडाळायचा. गुंडाळता गुंडाळता रद्दी वाचायची. अर्धवट बातम्या, फाटलेली राशिभविष्यं, कुणाच्या तरी वधू पाहिजेच्या जाहिराती. रद्दी गुजराती जास्त यायची म्हणून गुजरातीही अक्षर लावून वाचते. इंग्रजी तेवढं राहिलं.

तर सून आठवडाभर कॉलेजच्या हॉस्टेलवर असायची आणि शनिवारी काशीमीऱ्याला बसमधून उतरून घरी यायची. शेजारीण मला म्हणाली, "एवढी हुशार मुलगी, आणि घेतलं काय तर पत्रा. कॉम्प्युटर घेतला असता तर अमेरिकेत असती." मी म्हटलं, "वहिनी, तुमचा कॉम्प्युटर ज्या खोक्यात असतो ना, ते खोकं कशाचं असतं? पत्र्याचंच ना?" पुढच्या वेळी ती पाळणा कधी हलणार, ते विचारून गेली.

एम.टेक.ला दुसऱ्या वर्षी एक विषय घेऊन स्वतः शोध लावायचा असतो. त्याचं जाड पुस्तक करायचं आणि ते मोठ्या लोकांसमोर बसून पटवायचं. सुनेने विषय घेतला स्टीलच्या भांड्यांचा. भांडी का तडकतात. आणि हा विषय तिला सुचला आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या तोंडून. भाकरी थापता थापता मी गाळ्यातलं काहीतरी सांगत होते, "आमच्याकडे शंभर डबे केले तर पाच-सहा फुटायचेच." तिने भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. "फुटायचे? स्टीलचे?" म्हटलं, "हो. काठापासून खाली उभी चीर."

एवढंच बोलणं झालं. आणि इथेच आम्ही दोघी चुकलो. मी फुटतात म्हणून सांगितलं, कधी फुटतात ते सांगितलं नाही. तिने विचारलं नाही. तिला वाटलं, प्रेसमध्ये पत्रा साच्यात दाबून ओढताना फुटत असणार. मला वाटलं, ते काय सांगायचं, ते तर सगळ्या जगाला माहीत असतं.

आठ महिने ती प्रेसच्या मागे लागली होती. तेल बदलून बघितलं, साचा बदलून बघितला, कॉलेजातल्या यंत्रावर छोट्या छोट्या वाट्या ओढून त्याच दिवशी कापून तपासल्या. एकही तडकली नाही. मग तिचे सर म्हणाले, पुढच्या महिन्यात सगळ्यांसमोर मांडायचंय, तोवर हातात काही आलं नाही तर विषय बदला. विषय बदलायचा म्हणजे पहिल्यापासून सुरुवात, निदान सहा महिने जास्त. हे तिने मला नीट सांगितलं नाही, मुलाला सांगितलं. मुलाने मला सांगितलं. "आई, तिला काही विचारू नकोस. आधीच वैतागलीय." मी विचारलं नाही. पण ती जेवताना भाताची शितं एकेक करून ताटाच्या कडेला लावत बसायची. ते काय दिसत नाही का मला?

मी म्हटलं, चल आमच्या गाळ्यात. खऱ्या प्रेसवर खरे डबे ओढून घे.

मला काम सोडून वर्ष झालं होतं, पण शेठने नाही म्हटलं नाही. "मौसी, बहू को बोलो फोटो नहीं निकालने का, बाकी जो करना है करो." प्रेस चालवणारा तर खूश झाला. "मौसी, आपकी बहू डब्बे का पोस्टमार्टम करेगी?" सून म्हणाली, "मरेगा तो करूंगी ना भैया. मरता ही नहीं."

तिने दोन जातीचे पत्रे आणले होते, एक भारी किमतीचा, एक हलका. दिसायला दोन्ही सारखेच. त्यांच्या गोल चकत्या कापून शनिवारी दुपारी बारा डबे ओढले, सहा एका पत्र्याचे, सहा दुसऱ्याचे. तिने प्रत्येकावर पेनाने नंबर घातला. रविवारी प्रयोगशाळा बंद, म्हणून सगळे पिशवीत घालून घरी आणले. तिला वाण्याकडे काहीतरी घ्यायचं होतं, ती खाली गेली.

आता बघा, घरात बारा डबे आलेत, तेलाने बरबटलेले. कुठल्या बाईला राहवेल? मी साबण लावून चांगले घासले, गरम पाण्यातून काढले, फडक्याने पुसले आणि गॅलरीत कापडावर उपडे मांडून ठेवले. चकाचक.

ती आली. डब्यांकडे बघितलं. मग खालीच बसली.

"आई, त्याच्यावर नंबर होते."

"कसले नंबर? तेलाचे डाग होते नुसते."

"पेनाने लिहिले होते मी. कुठला कुठल्या पत्र्याचा, ते आता कसं कळणार?"

ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही. तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "जाऊ दे. बारातला एक तरी फुटला होता का? सगळे धडधाकट." त्या वेळी मी किती ओशाळले होते ते मलाच माहीत. बावीस वर्षं डबे पुसले आणि एकदाच पुसायचे नव्हते तेव्हाही पुसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मेथी निवडत होते. ती आत वह्या काढून बसलेली. गॅलरीतून आवाज आला. टण. बारीक, काचेच्या बांगडीसारखा.

"काय पडलं?" तिने आतून विचारलं.

"पडलं नाही गं काही. डबा फुटला असेल."

माझी मेथी चालूच. ती दारात येऊन उभी राहिली.

"फुटला असेल म्हणजे? कुणी हात लावला?"

"हात कशाला लावायला पाहिजे? काल ओढले, आज फुटतात. उद्या अजून एखादा फुटेल. म्हणून तर मुरायला ठेवतात ना."

"काय ठेवतात?"

"मुरायला. लोणचं मुरवतो तसं. प्रेसमधून डबा आला की लगेच स्टिकर लावायचा नाही, तीन दिवस उपडा ठेवायचा. फुटायचा तो फुटून जातो. नाहीतर गिऱ्हाइकाच्या फडताळात फुटतो आणि शेठ आमच्या नावाने ओरडतो." मग मलाच शंका आली. म्हटलं, "का गं बाय? तू तुझ्या त्या वाट्या मुरू दिल्या नाहीस का?"

ती गॅलरीत गेली. एका डब्याला काठापासून उभी चीर पडली होती, नखाने ओढल्यासारखी सरळ. तिने त्या चिरेवरून बोट फिरवलं. मग माझ्यासमोर येऊन बसली आणि एकदम हसायला लागली. "आई, आठ महिने. आठ महिने मी त्याच दिवशी कापत होते. फुटायला वेळच दिला नाही त्यांना."

"मग मला विचारायचंस."

"तुम्ही सांगायचं."

"मला काय माहीत, तुम्हाला कॉलेजात एवढंही सांगत नाहीत."

हसता हसता ती मध्येच थांबली. "पण नंबर गेले. फुटलेला कुठल्या पत्र्याचा, ते कळायलाच पाहिजे."

मी उठले. आमच्या लोखंडी कपाटाला एक चुंबक चिकटवलेला असायचा, मोडक्या स्पीकरमधला. गाळ्यात पॅकिंगच्या आम्ही सगळ्या बायका असा एकेक चुंबक दोऱ्याला बांधून जवळ ठेवायचो. काम सोडलं तेव्हा मी माझा घरी आणला. मी तो फुटलेल्या डब्याच्या काठाजवळ धरला. टचकन ओढला गेला. शेजारच्या डब्याला लावला, तर नुसता हलला.

"हे बघ. बुडाला कुठेच लागत नाही. काठाला लागतो. ज्याच्या काठाला जोरात लागतो तो रुसका. तो आधी फुटतो."

मी एकेक डबा घेऊन दोन ओळी लावल्या. जोरात ओढणारे सहा, मंद सहा. न सांगता सहा आणि सहा निघाले. तिने या वेळी पेन घेतलं नाही. खिळा घेतला आणि प्रत्येकाच्या बुडावर नंबर कोरला. "आता घासा किती घासायचे ते," म्हणाली.

सोमवारी ती निघेपर्यंत अजून तीन फुटले होते, सगळे माझ्या रुसक्या ओळीतले. मी छातीठोकपणे सांगितलं होतं की सहाच्या सहा फुटतील. दोन डबे शेवटपर्यंत फुटले नाहीत, त्यांनी माझी लाज काढली. मंद ओळीतला एकही फुटला नाही. कॉलेजात तपासल्यावर कळलं की दोन्ही ओळी बरोबर लागल्या होत्या. रुसके सगळे हलक्या पत्र्याचे. मग तिने तसेच कितीतरी डबे ओढून घेतले, मुरू दिले, चुंबकाऐवजी चुंबकाचा जोर मोजणारं यंत्र लावलं. त्या महिन्यातलं सादरीकरण झालं आणि विषय बदलावा लागला नाही.

मला तिने कारण समजावून सांगितलं. पत्रा ओढला की काठाकडचा भाग सगळ्यात जास्त चेपला जातो, तिथे ताण साठून राहतो. आणि ओढाताणीत तिथल्या पोलादाची जात बदलते, म्हणून चुंबक लागायला लागतो. तो भाग कडक होतो, ठिसूळ होतो, आणि ताण आत दबा धरून बसतो. मी म्हटलं, "बघ बाई, पोलादाचीसुद्धा जात बदलते. माणसांची काय बदलायला तयार नाही." ती म्हणाली, "त्याला फार ओढावं लागतं, आई."

पण एका गोष्टीवरून आमचं वाजलं. आम्ही बायका मानायचो की मुरला की डबा पक्का होतो. ती म्हणाली, पक्का वगैरे काही होत नाही, फुटणारे फुटून जातात आणि उरलेले आपल्याला पक्के वाटतात. पक्का करायचा तर भट्टीत तापवून ताण काढायला पाहिजे. मी दोन दिवस मानलं नाही. मग मानलं. बावीस वर्षांचं एकदम कसं सोडणार?

तिच्या सरांनी मला बोलावलं. मी पांढरी साडी नेसून गेले. सर बंगाली, हिंदीत बोलायचे. "माताजी, आप को कैसे पता चलता है कौन सा टूटेगा?" मी म्हटलं, "साहेब, हाथ को पता चलता है. चुंबक जितना जिद करता है, डब्बा उतना रूठा हुआ." ते मान हलवत राहिले आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मी बोललेलं कुणी लिहून घेतल्याची माझी ती पहिलीच वेळ.

मग सुनेने मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. डब्याच्या बुडाचा तुकडा आरशासारखा घासून ठेवला होता. आत दाणे दिसले, अंगणातलं सारवण वाळल्यावर पडतात तशा रेघांनी वेगळे झालेले. मग काठाचा तुकडा. तिथे दाणे ओढून लांब झालेले आणि त्यांच्यात सुयाच सुया. आयुष्यभर जे हाताला लागत होतं ते डोळ्याने बघितलं. मला चष्मा पुसावा लागला. नळीला टेकून धूसर झाला, असं मी सुनेला सांगितलं.

ती पास झाली. काळ्या पुठ्ठ्याचं, सोनेरी अक्षरांचं पुस्तक घरी आलं. विहारात न्यायच्या आधी मी म्हटलं, आधी गाळ्यात नेऊ. जेवणाची सुट्टी होती. बायकांनी साबणाने हात धुतले, तरी लावायला घाबरत होत्या. सुनेने एक पान उघडलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. सगळं इंग्रजी, पण तो शब्द तिरक्या अक्षरांत छापलेला. "मुरणे", ती म्हणाली. "इंग्रजी अक्षरांत लिहिलंय. खाली अर्थ दिलाय, पॅकिंगचं काम करणाऱ्या बायका याला असं म्हणतात."

माझ्या जागेवर आता जी बाई बसते, ती पुस्तकाकडे वाकून बघत होती. तिने विचारलं, "मग आता डबे फुटायचे थांबणार?"

"थांबवता येतील, भट्टी लावली तर. नाहीतर फुटतील. पण कुठला फुटणार ते आधी कळेल."

"ते तर आपल्याला आधीबी कळत होतं की," ती म्हणाली.

"हो मावशी," सून म्हणाली, "तेच लिहिलंय."