तातेरावांचं पाच गुंठे खळं

तातेराव हसनाबादहून भोकरदनला वकिलाकडं गेले ते मृत्युपत्र करायला. मनात एकच, विहिरीजवळचा मोसंबीचा तुकडा शिवकन्येच्या नावानं लिहायचा. ही त्यांची एकुलती लेक, आष्टीला दिलेली. त्या रोपांना तिनंच कळशीनं पाणी घातलं, अन् पहिलं फळ धरायच्या आत तिचं लग्न झालं. पुढं एका संक्रांतीला तिचा भाऊ बद्रीनाथ जेवता जेवता बोलून गेला, "बहिणीचा वाटा साडीचोळीत फिटला." पोरगी ताटावरून उठली, ती सहा वर्षं फिरकली नाही. बाग नावावर झाली तर बहाराला तरी येईल, असं म्हाताऱ्याला वाटे.

वकील तरुण, पण समजुतीचा.

"जमीन वडिलांकडून आली ना?"

"मंग काय आभाळातून पडली?"

"मग ती एकट्या तुमची नाही, तातेराव. बद्रीनाथाचा हिस्सा त्याचा, लेकीचा लेकीचा. तुम्हाला तुमच्या हिश्श्यापुरतं लिहिता येतं. अन् वाटणी झाली नाही तोवर अमुकच तुकडा माझा, असंही म्हणता येत नाही."

"चाळीस वर्षं नांगर मी धरला, साहेब. मंग माझं एकट्याचं काय हाय?"

"स्वतः कमवून घेतलेलं. ते कुणालाही द्या."

एसटीत तातेराव आपलं काय काय ते आठवत राहिले. घर वडिलांचं, विहीर आजोबांची. डोक्याचा पटका तेवढा स्वतःचा. गाव दिसायला लागलं तेव्हा कुठं खळं आठवलं. लग्नाआधी जालन्याच्या कापसाच्या जिनिंगात दोन हंगाम राबून त्यांनी गावालगतची ती पाच गुंठे जागा घेतली होती. पिकत काही नाही, एक कडुलिंबाचं झाड आहे. त्याच्याच सावलीत लहानगी शिवकन्या ज्वारीच्या राशीला टेकून झोपायची, अन् उठवलं की रुसायची.

"खळं लिहितो पोरीला," ते बायकोला म्हणाले.

गिरिजाबाई भाकरी थापत होती. "कधी मिळंल तिला?"

"मी गेल्यावर."

"मंग ती बी तवाच येईल, रडायला. तुम्ही कुठून बघणार?"

वकिलानं एवढं सांगितलं, पण हे त्याच्या कायद्यात नव्हतं.

सकाळी त्यांनी आष्टीला जायला पिशवी काढली. बद्रीनाथानं ती नेली अन् मोसंब्यांनी भरून आणली. "नरम हायेत ती वर ठेवलीत," एवढंच म्हणाला.

"तू बी चल."

"तुम्ही जा आधी."

जालन्याला गाडी बदलली, परतूरला बदलली. पिशवी मांडीवर घेऊन म्हातारा वाक्य जुळवत होता.

आष्टीत शिवकन्या दारातच भेटली. कानाशी केस पांढरे झालेले. तातेरावांनी जुळवलेलं घडाघडा बोलून टाकलं, "खळं तुझं करून राह्यलो. कुंपण घालायचंय. फाटक कुठल्या अंगाला ठेवू?"

तिनं पिशवीत हात घातला. मोसंबी पानासकट तोडलेली. तशी बद्रीच तोडायचा.

"सावली कुठल्या अंगाला पडते ते आता ध्यानात न्हाई, आबा," ती म्हणाली. "बघावं लागंल."