स्वयंपाकघरातली मालू

दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की लॉरा हॉलमध्ये यायची आणि खिडकीचा जाड पडदा ओढून घ्यायची. दांडीवरून कड्या खरखरत सरकायच्या. तो आवाज ऐकून खुर्चीतला अँब्रोज विचारायचा, "झाला अंधार?"

"झाला."

"मग लाव."

अँब्रोजला दिसत नव्हतं. काचबिंदूनं आधी कडा खाल्ल्या, मग मधलंही. तरी पडदा रोज ओढला जायचा. भुताचा पिक्चर उजेडात बघायचा नसतो असं त्याचं ठाम मत होतं, आणि डोळे गेले म्हणून मत बदलायला तो तयार नव्हता.

वर्तकनगरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पामेला सून म्हणून आली, तेव्हा तिला या दुपारच्या कार्यक्रमाचं हसू यायचं. तिचा नवरा ज्यूड बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात. ती स्वतः कल्याणच्या एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ कापायची. दिवसभराचं लग्न, त्यातले काका-मावश्या, रुसवेफुगवे, जेवणावळी सगळं छाटून चार मिनिटांचं चकचकीत काहीतरी करायचं, हे तिचं काम. त्यामुळे एका बाबतीत तिचं आणि सासऱ्याचं एकदम जमायचं. भुताच्या गोष्टीला फाटे नकोत.

"घर दाखव, भूत दाखव, संपव," अँब्रोज म्हणायचा. "मधेच बहिणीचं लग्न काय, पोलिसाची बायको काय! माणूस तिकडे रमला की इकडे घाबरणार कधी?"

"बरोबर आहे डॅडी. मी असते तर सगळं उडवलं असतं."

"ऐकलंस लॉरा? शिकलेली मुलगी काय म्हणते बघ."

लॉरा लसूण सोलता सोलता म्हणायची, "तुम्ही दोघं मिळून काढा पिक्चर. पाच मिनिटांत सुटेल. लोक घरी जाऊन जेवतील तरी वेळेवर."

टीव्हीसमोर दोन खुर्च्या, हाताला हात लागेल इतक्या जवळ. पडद्यावर काय चाललंय ते लॉरा अँब्रोजला सांगायची. संथ, एकसुरी नाही पण चढउतारही फारसे नाहीत, दारात उभं राहून शेजारणीला सांगावं तसं. पामेला त्या वेळी बहुधा कामावर असायची. कधी सुट्टीला घरी असली तर आतल्या खोलीत पडून अर्धवट ऐकायची.

अशाच एका सुट्टीच्या दुपारी ती पाणी प्यायला उठली. हॉलमध्ये बर्फाळ मुलखातल्या बंगल्याचा एक इंग्रजी पिक्चर चालू होता. तो तिनं आधी पाहिलेला होता. लॉरा सांगत होती, "मालू आता बोंबील साफ करायला बसलीय. तिचं एक कानातलं सकाळपासून सापडत नाहीये, म्हणून तिचं लक्ष नाही. सारखी कान चाचपते."

"बर्फात बोंबील?" अँब्रोज.

"सुके आहेत. घरून आणलेले."

"ही मालू तिथे पोचली कशी?"

"कामाला आलीय. नाव काहीतरी इंग्लिश आहे तिचं, मला म्हणता येत नाही. आपण मालू म्हणू."

"फाटे! नुसते फाटे!" अँब्रोज करवादला. पण लगेच म्हणाला, "नवऱ्यानं दिलेलं का ते कानातलं?"

पामेलानं पडद्याकडे पाहिलं. तिथे लांबलचक रिकामा बोळ होता. ना माणूस, ना आवाज. कॅमेरा जागचा हलत नव्हता. त्या पिक्चरमध्ये स्वयंपाकघर कुठेच दाखवलेलं नव्हतं, हे तिला पक्कं आठवत होतं. ती ग्लास हातात धरून तशीच उभी राहिली. लॉरानं मान न वळवता एक बोट ओठांवर ठेवलं आणि सांगणं चालूच ठेवलं.

"कानातलं फणीच्या डब्यात असेल म्हणून ती उठली. आणि अँब्रोज, जिन्यावर कोणीतरी आहे."

त्याच क्षणी टीव्हीतून एक पायरी करकरली. अँब्रोजनं खुर्चीचे हात घट्ट धरले. "तिला म्हणावं मागे बघ! अगं, मागे बघ!"

पामेलानंही वळून मागे पाहिलं. हा पिक्चर तिनं कॉलेजात मैत्रिणींबरोबर वेफर्स खात पाहिला होता आणि तेव्हा तिला कशाचंच काही वाटलं नव्हतं. आज मात्र जे तिथे नव्हतंच त्या स्वयंपाकघरातल्या, नसलेल्या बाईच्या जिवाची तिला धास्ती वाटत होती.

संध्याकाळी ओट्याशी तिनं हळूच विचारलं, "मम्मी, मालू कोण?"

"माझ्या माहेरच्या गावठाणात मासे घेऊन यायची एक. तिचं नुसतं नाव घेतलंय. बाकीचं सुचेल तसं."

"पण का?"

लॉरानं गॅस बारीक केला. "तू नव्हतीस तेव्हा. डोळे गेल्यावर वर्षभर हा त्या कपाटाच्या कोपऱ्यात बसायचा. एक हात या भिंतीला, एक त्या भिंतीला. जेवायलाही उठायचा नाही. मग एक दिवस म्हणाला, पिक्चर लाव भुताचा. मी म्हटलं, वेडा झालास का, आधीच इतका घाबरतोस. तर म्हणतो, इथे आत दिवसभर फुकटची भीती आहे, ती संपत नाही. पिक्चरची संपते."

तिनं कढईतलं हलवलं.

"लावला. पण त्या पिक्चरांत भूत यायच्या आधी सगळं गप्प होतं ना. आपल्याला निदान पडदा दिसतो. त्याला काय? मी बाजूला आहे का उठून गेले, तेही कळत नाही. मी गप्प बसलेले तर माझं मनगट असं धरलंन, नखं रुतली. तेव्हापासून मी गप्प बसत नाही. पिक्चर गप्प झाला की मालू बोलते."

पामेलाच्या स्टुडिओत रिकामी जागा आली की वर गाणं टाकत. इथे एक बाई, बारावीही न झालेली, त्या जागेत रोज एक अख्खं माणूस उभं करत होती. त्याला कान होते, हरवलेलं कानातलं होतं, वाट बघायला नवरा होता. आणि पुढची पायरी नेमकी कधी करकरणार, हे एका कानानं ऐकत ती ते सगळं तिथवर आणून सोडत होती.

हे कुठून आलं, ते पामेलाला एप्रिलमध्ये कळलं. वर्षभर बाटल्यांत भरून ठेवायच्या बाटली मसाल्याच्या मिरच्या लॉरा बिल्डिंगच्या गच्चीवर वाळवायची आणि कांडायला माहेरच्या गावठाणात न्यायची. बाकीच्यांच्या मिरच्या केव्हाच यंत्राच्या डंकावर जाऊ लागल्या होत्या. या चार-पाच जणींनी उखळ सोडलं नव्हतं. एका उखळाभोवती तिघी उभ्या राहायच्या, मुसळं पाळीपाळीनं पडायची. लॉरा कांडता कांडता गोष्ट सांगायची आणि तिच्या शब्दांवर मुसळांचा ठेका चालायचा. गोष्ट थांबली तर ठेका चुकायचा आणि मुसळावर मुसळ आदळायचं. म्हणून मिरची बारीक होईपर्यंत गोष्ट संपू द्यायची नाही, ही त्यांची रीत. राजकन्या मरायला टेकली असली आणि उखळात अजून बिया दिसत असल्या, तर लॉरा राजकन्येच्या दाईला बाजारात पाठवायची.

पामेला नाकाला ओढणी लावून पायरीवर बसली होती. लाल धुरळ्यात तिघींचे हात वर जात होते, खाली येत होते. मधोमध तो आवाज, चालू, न तुटणारा.

लॉराचं प्रत्येक वेळी जमायचंच असं नाही. एकदा मालूच्या धाकट्या बहिणीचं लग्न इतकं लांबलं की अँब्रोज घोरायला लागला आणि भूत येऊन गेलं. "आज माझंच चुकलं," ती पामेलाला म्हणाली, "वऱ्हाड फार झालं." दुसऱ्या एका पिक्चरमध्ये मालू विहिरीत पडून मेली, आणि पुढच्याच आठवड्यात निराळ्या घरात भांडी घासताना सापडली. अँब्रोजनं तिथेच पकडलं.

"ही मेलेली ना?"

"ती वेगळी."

"मग हिला मालू का म्हणतेस?"

"तुझ्या कंपनीत तीन फ्लेव्हियन होते. आम्ही कधी विचारलं?"

त्या तिघांतला एक फ्लेव्हियन अजून रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर यायचा. एका रविवारी तो खुर्चीत टेकता टेकताच म्हणाला, "अरे अँब्रोज, तू सांगितलास तो पिक्चर बघितला मी मोबाईलवर. ती तुझी मालू-बिलू कोणी नाही त्यात. पूर्ण बघितला."

पामेलानं हातातली बशी खाली ठेवली. मालू गेली तर दुपार गेली, आणि दुपार गेली तर उरणार तो कपाटाचा कोपरा. तिनं लॉराकडे पाहिलं. लॉरा स्वयंपाकघराच्या दारात, हातात झारा.

अँब्रोजनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग म्हणाला, "तू मोबाईलवर पुढे ढकलत बघतोस फ्लेव्ही. बारीकसारीक माणसं तुला काय दिसणार!"

लॉरा बाहेर आली आणि फ्लेव्हियनच्या ताटलीत तिनं आणखी दोन तळलेले फुगे टाकले. "खा. गरम आहेत."

पुढच्या एप्रिलमध्ये लॉराला जिना चढताना धाप लागू लागली. हृदयाची झडप बदलायची ठरली. हॉस्पिटलमध्ये जायच्या सकाळी ती पामेलाला म्हणाली, "जेवण वेळेवर मिळालं नाही तरी चालेल अँब्रोजला. दुपार चुकवू नको." आणि गच्चीवर पसरलेल्या मिरच्यांचं काय काय करायचं ते सांगत रिक्षात बसली.

पामेलानं रजा टाकली. पहिल्या दुपारी तिनं पडदा ओढला, पिक्चर लावला आणि प्रामाणिकपणे सांगायला लागली. "मोठं घर आहे. एक मुलगी बोळातून चाललीय. दार उघडलं. आत कोणी नाही." पिक्चर गप्प झाला. "अजून कोणी नाही." पुन्हा शांतता. "अजून... नाहीच."

"पामेला? आहेस का?"

"हो डॅडी, इथेच."

"मालू कुठेय?"

आणि रोज कापायची सवय असलेली पामेला चटकन बोलून गेली, "या पिक्चरमध्ये नाहीये ती."

अँब्रोज म्हणाला, "बंद कर." तो उठला, चाचपडत आतल्या खोलीत गेला. पामेला ताट घेऊन गेली तेव्हा तो कपाटाच्या कोपऱ्यात होता, एक हात या भिंतीला, एक त्या भिंतीला. ताट तसंच परत आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमध्ये तिनं रडत रडत सगळं सांगितलं. लॉरा छातीवर हात दाबून हसली. "कापून टाकलंस तिला?"

"मला नाही जमत मम्मी. मी काय करू तिचं?"

"तू काही नको करू. तिला काम दे. बाई कामाला लागली की गोष्ट आपली आपण चालते. आणि कान टीव्हीकडे ठेव."

त्या दुपारी अँब्रोजला खुर्चीपर्यंत आणायलाच बराच वेळ गेला. पिक्चर सुरू झाला. गप्प व्हायची जागा आली. पामेलानं टीव्हीकडे कान दिला. तिला फक्त सकाळची स्वतःची घाई आठवली.

"मालू कुकरची शिट्टी शोधतेय."

अँब्रोजची मान वळली. "काल म्हणालीस, नाही म्हणून."

"काल मी पुढे ढकलत बघत होते डॅडी."

त्यानं मान परत वळवली. तिला वाटलं, संपलं. मग त्यानं विचारलं, "परदेशात कुकर?"

"नवऱ्यानं पाठवलाय. झाकण नीट बसत नाही त्याचं. शिट्टी सारखी उडते. आता ती वाकलीय, ओट्याखाली बघतेय. तिथे अंधार आहे. हात आत घातलाय तिनं."

"नको घालू म्हणावं."

"शिट्टी लागली हाताला. आणि..." पामेलाचे कान टीव्हीकडे होते. आत कुठेतरी एक श्वास सुरू झाला होता. "आणि डॅडी, अजून काहीतरी लागलं."

अँब्रोजनं तिचं मनगट पकडलं. तिनं ते सोडवलं नाही. तिलाच त्या अंधाऱ्या ओट्याखाली बघवत नव्हतं.

पिक्चरच्या शेवटी घर जळालं. अँब्रोज तावातावानं बोलायला लागला, "भूत दाखवायला सांगितलं की हे लोक भांडी दाखवतात! फाटे! पण ती बाई सुटली का? ते दाखवलंच नाही यांनी." बोलता बोलता तो टेबलाशी येऊन बसला आणि उशिरा का होईना, जेवला.

लॉरा ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नाही. ज्यूड बोटीवरून पोचला, माती देऊन आठवडाभरात परत गेला. घर रिकामं झाल्यावर पहिल्या दुपारी पामेला ओटा पुसत होती. हॉलमधून आवाज आला, "पामेला, झाला अंधार?" तिनं जाऊन पडदा ओढला. मालू त्या दुपारी शिवण घेऊन बसली. फारसं बोलली नाही, पण गप्पही राहिली नाही.

लॉराचं शेवटचं बोलणं पामेलाच्या मनात आहे ते फोनवरचं. डॅडी जेवले, हे सांगायला तिनं ऑपरेशनच्या आधी, कुकरच्या शिट्टीच्या त्या दुपारी फोन लावला होता. शिट्टी, ओट्याखालचा अंधार, पकडलेलं मनगट, सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि विचारलं, "मम्मी, ते मला सारखे विचारतायत. मालू सुटली का?"

पलीकडून लॉरा म्हणाली, "आधी गच्चीवर जा. मिरच्या कांडायच्यात अजून, उलट्या करायच्या राहिल्यात. आणि येताना दार नीट ओढून घे, कबुतरं आत शिरतात."