रीडरकाकांचा जामीन

चूक कोणाचीही असो, माफी रीडरकाका मागत. कमानिया गेटच्या गर्दीत ई-रिक्षाचं चाक त्यांच्या पायावरून गेलं, तेव्हा लंगडत तेच चालकाला म्हणाले, "सॉरी भैया, पाँव मेरा ही बीच में था." या हिंदी शहरातल्या दीक्षितपुऱ्यात आम्ही मराठी शेजारी. मी चिडून विचारलं, "काका, तुम्ही काहून माफी मागता?" तर म्हणाले, "आपली चूक असेलच रे कुठंतरी. सापडली नसेल अजून."

ते जिल्हा न्यायालयात रीडर होते, म्हणजे न्यायाधीशांपुढे बसून खटल्यांच्या पुढच्या तारखा देणारे. इतकी वर्षं आत काढूनही त्यांचा न्यायालयावरचा विश्वास टिकला होता, याचं मला नवल वाटे.

एका सकाळी त्यांना व्हिडिओ कॉल आला. खाकी वर्दीतला माणूस म्हणाला, तुमच्या आधार कार्डावर अमली पदार्थांचं पार्सल गेलंय, तुम्ही 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात. मग काळ्या कोटातला 'जज' आला. असली अटक कुठल्याच कायद्यात नाही. पण मागं राजमुद्रा, खाली उंच पाठीची खुर्ची! काका इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलपुढे उभे राहिले. शेवटी चोरच कंटाळून म्हणाला, "बैठ जाइए अंकल." काका म्हणाले, "नहीं हुज़ूर, आपके सामने कैसे बैठूँ?"

पेन्शनीतलं उरलंसुरलं 'तपासणी'साठी पाठवून झालं, तेव्हा ते सुटलेही असते. पण काकांनी कायद्याचं बोट सोडलं नाही. अदबीनं विचारलं, "हुज़ूर, ज़मानत मिल सकती है?" असा अर्ज त्या टोळीपुढे आजवर कोणी केला नसावा. जज म्हणाला, "ज़मानतदार का नाम और नंबर दीजिए." काकांनी बेबीताईंचा दिला. ताई त्यांची धाकटी बहीण. शाळेतून निवृत्त होऊन मदन महल भागात एकट्याच राहायच्या. टोळीनं त्यांनाही कटात सामील ठरवून फोनसमोर बसवलं. संध्याकाळपर्यंत ताईंची ठेव मोडलेली होती.

हे सगळं काकांनीच मला सांगितलं, आरोपीनं जबाब द्यावा तसं. मी त्यांना सायबर पोलिसांकडे नेलं. फौजदार भला होता. त्यानं फसवणूक, तोतयेगिरी, आयटी कायदा अशी कलमं लावली.

"आरोपी में मेरा भी नाम लिखिए साहब," काका म्हणाले.

"अंकल, आप तो फ़रियादी हैं."

"फ़रियादी मेरी बहन है."

चोरांसाठी पुष्कळ कलमं होती. काकांसाठी एकही निघालं नाही.

पुढं आमच्या मंडळात सायबर जागृतीचा समारंभ झाला. दीपप्रज्वलन, शाली, आणि पासवर्ड ज्यांचा नातू बदलतो अशा पाहुण्यांचं भाषण. 'पीडित' म्हणून काकांनाही व्यासपीठावर बोलावलं होतं. ते घरातून हललेच नाहीत.

दर रविवारी मात्र ताईंकडे जात. "काहून तोच विषय काढून राहिला, दादा?" ताई म्हणत.

"तू एकदा रागाव तरी."

ताई रागावल्या नाहीत. काकांची झोप गेली ती गेलीच.

गेल्या थंडीत काका वारले. चोर अजून सापडायचे आहेत. तेराव्याला ताईंनी मला अंगणात नेलं.

"भाऊ, त्या जजनं मलाही विचारलं होतं, माझी ज़मानत कोण देईल म्हणून. मी तुमचा नंबर दिला."

अनोळखी नंबर मी उचलत नाही. त्या दिवशीही उचलला नव्हता. माझं शहाणपण तेवढंच.

"काकांना सांगितलंत हे?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "लाज वाटली. तो माफी मागायचा, अन् मी मोठ्या मनानं देत राहिले." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "सांगितलं असतं, तर झोपला असता हो तो."