गाठीसाठी प्रार्थना

सत्यशीला माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ बेंजामिन नऊ वर्षांपूर्वी गेला, माझी बायको त्याच्याही आधी. तेव्हापासून बेलापूरच्या घरात मी, सत्यशीला आणि तिची मुलगी सुकन्या असे तिघं राहतो. सत्यशीला ब्लाऊज शिवते. पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे, मागच्या पडवीत माझी खाट. मोठ्या दिरासमोर तिने डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही. ताट वाढलंय, गोळ्या घेतल्या का, याच्यापुढे आमचं बोलणं जात नसे. रीतच तशी होती. त्या रीतीत काही वाईट आहे असं मला वाटलं नव्हतं.

चर्चमध्ये रविवारी विनंतीच्या चिठ्ठ्या वाचायचं काम माझ्याकडे आहे. कुणाचा गुडघा, कुणाची परीक्षा. लोक चिठ्ठी लिहून पेटीत टाकतात, मी वाचतो आणि मंडळी प्रार्थना करते. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये एक चिठ्ठी निघाली. अक्षर सत्यशीलाचं. ‘गाठीसाठी मंडळीने प्रार्थना करावी.’ खाली तिचं नाव.

मी वाचली. सुकन्या तेव्हा चोवीस वर्षांची. पाळकसाहेबांना आनंद झाला. लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधलेल्या असतात, आपल्या सुकन्येची गाठही प्रभूने चांगल्या घरी बांधावी, असं ते म्हणाले. सगळे आमेन म्हणाले, मीही म्हणालो. सत्यशीला बायकांच्या बाजूला मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, संकोचली असेल.

मग स्थळं सुरू झाली. श्रीरामपूरच्या एका शिक्षकाचा मुलगा, राहुरीकडचा एक कंपाउंडर. मीही दोन ठिकाणी फोन केले. सुकन्या आईवर चिडायची, मला न विचारता चिठ्ठी का टाकलीस म्हणायची. सत्यशीला पाहुण्यांसाठी पोहे करायची आणि पुन्हा मशीनवर बसायची. असे साडेतीन महिने गेले. ते महिने माझ्या मनातून जात नाहीत.

डिसेंबरात भगिनी मंडळाची सभा आमच्या घरी होती. मी पडवीत होतो, मध्ये फक्त पडदा. शेजारच्या मुबारकबी ब्लाऊजपीस घेऊन आल्या होत्या आणि बायकांनी त्यांनाही चहाला बसवून घेतलं होतं. हेलनबाई आमच्या मंडळीत सगळ्यांत थट्टेखोर.

त्या म्हणाल्या, “काय गं सत्यशीला, येवढी स्थळं परत लावली. जावई काय अमेरिकेतून आननार हायेस?”

बायका हसल्या. मशीन थांबलं.

“गाठ पोरीची न्हाई, हेलनबाई. माजी हाय. छातीत हाय.”

मग कुणीतरी विचारलं, एवढे दिवस सांगितलं का नाही.

“चिठ्ठी कोन वाचनार हुतं? भावजी. त्यांच्या तोंडी छाती हा शब्द कसा देऊ? गाठ लिव्हलं. वाटलं, बायकांना कळंल. तुमी सगळ्या आमेन म्हनल्या. मग मी गप बसले.”

मी खाटेवर बसूनच राहिलो.

मुबारकबींची एक सवय होती. त्या मापाला नेहमी जुना ब्लाऊज द्यायच्या, अंगावर माप कधी घेऊ दिलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, बाई फार पडद्यातल्या आहेत. त्या दिवशी त्या उठल्या.

“दार लाव गं. अकरा वर्सं जुना ब्लाऊज देती मी तुला. आज अंगावर माप घे. एकच बाजू हाय मला.”

मी चपला घालून मागच्या दाराने गल्लीत गेलो.

दोन दिवसांनी मुबारकबी आणि हेलनबाई तिला नगरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. सुकन्याही गेली. गाठ लिंबाएवढी झाली होती, काखेतही उतरली होती. तीन महिने आधी आला असता तर, एवढंच डॉक्टर म्हणाले. सुकन्याने घरी येऊन मला ते जसंच्या तसं सांगितलं आणि रडली.

दर एकवीस दिवसांनी सलाईनमधून औषध सुरू झालं. केस गेले. तोंड इतकं सोललं की पेजसुद्धा झोंबायची. मुबारकबी आणि हेलनबाई आळीपाळीने सोबत जायच्या. चौथ्या वेळी सत्यशीला अंथरुणातून उठलीच नाही. मेले तरी चालेल, आता जायचं नाही, म्हणाली. हेलनबाईंनी वचनं वाचली, सुकन्याने हात जोडले. एस.टी. निघून गेली.

मुबारकबी उंबऱ्यात बसल्या होत्या. “मर मग. पन आदी माजे तीन ब्लाऊज शिवून दे. दुसऱ्या कुनाला मी माप देनार न्हाई.”

सत्यशीला हसली. फाटलेल्या ओठातून रक्त आलं. ते पदराने पुसून ती पुढच्या गाडीने गेली.

नंतर ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले, आणि वर्षभर बरं गेलं. ब्लाऊजच्या आत रिकाम्या बाजूला बसवायची पिशवी तिने स्वतःच शिवली. कापूस भरला तर हलका होऊन वर सरकायचा. बाजरी भरली तर घामाने किडे पडले. शेवटी मोहरी बरोबर बसली. मग श्रीरामपूर, देवळाली प्रवरा इकडच्या बायका तशा पिशवीसाठी येऊ लागल्या. काही दवाखान्याच्या बाकावर भेटलेल्या, काही त्यांच्याकडून ऐकून आलेल्या. त्या आल्या की दार लागायचं आणि मी गल्लीत जायचो. आतून कधी रडणं ऐकू यायचं, कधी मोठमोठ्याने हसणं.

यंदा तिची पाठ दुखू लागली. तपासून आल्यावर ती स्टूल घेऊन पडवीत आली आणि माझ्या समोर बसली. असं कधी झालं नव्हतं.

“भावजी, हाडात गेलंय. आता बरं हुनार न्हाई म्हनले. औशद चालू ठेवलं तर थोडे दिवस जास्त.”

चहा करतो म्हणालो. तिच्यासाठी मी पहिल्यांदाच चहा केला, त्यात साखर घालायला विसरलो. तिने तो तसाच प्यायला.

मग मी विचारलं, “आता जायचं का पुन्हा तिथं?”

ती म्हणाली, “जायचं. बाकावर एक नवीन बाई बसती. पोर मांडीवर घेऊन. तिच्याशी अजून कुनी बोललं न्हाई.”

मंगळवारी सकाळी हेलनबाई आणि मुबारकबी तिला दोन्ही बाजूंनी धरून स्टँडवर घेऊन गेल्या. पाठीला लावायची उशी घेऊन मी त्यांच्या मागून चालत गेलो.